पहिला मजला, डावीकडचं घर

ताई कामावर परत रुजू झाली त्या दिवशी ऑफिसात कुणी तिच्याकडे धड बघत नव्हतं. बघायचं नाही, आणि बघत नाही हे कळूही द्यायचं नाही, ही कसरत माणसांना किती वाईट जमते म्हणून सांगू. शिपायाने चहा ठेवला आणि तो आल्या पावली परत गेला. टायपिस्टबाई एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवणाऱ्या, त्या कपाटात डोकं खुपसून कुठलीशी फाईल शोधत बसल्या. ताईला त्याचं काही वाटलं नाही. तिला सध्या कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गरम होता की गार, हेही तिला सांगता आलं नसतं. कप रिकामा दिसला तेव्हा आपण प्यायलो असणार, असं तिने धरलं.

वडील जाऊन सदतीस दिवस झाले होते.

हे ऑफिस म्हणजे शहराचा आपत्ती विभाग. नाव मोठं आणि खोल्या तीन. एकीत साहेब, दुसरीत भोंग्याचं बटण आणि वायरलेस, तिसरीत स्ट्रेचर, दोरखंड, मास्क आणि कुणाची तरी पंक्चर सायकल. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक भलामोठा गोल रंगवलेला होता. गोलाचे चार तुकडे: धोका कमी करा, तयारी ठेवा, वेळ आली की धावून जा, नंतर विस्कटलेली घडी बसवा. तिथून बाण पुन्हा पहिल्या तुकड्याकडे. कुणी पाहुणा आला की साहेब हातात पट्टी घेऊन तो गोल समजावून सांगत. खरं सांगायचं तर धावून जायचा तुकडा सगळ्यांना आवडतो, त्यात फोटो निघतात. पहिल्या तुकड्याचं काम कंटाळवाणं. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणी कुणाची पाठ थोपटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

ताई त्या कंटाळवाण्या कामातली बाई. तिच्याकडे यादी होती. शहराच्या एका टोकाला पाणी शुद्ध करायचं केंद्र, तिथे क्लोरीनच्या टाक्या. क्लोरीन हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत सरपटत येतो, जिनेही चढतो, फक्त सावकाश. त्या केंद्राच्या आसपासच्या गल्ल्यांत ज्यांना स्वतःच्या पायाने बाहेर पडता येत नाही अशी तेवीस माणसं होती. कुठे अर्धांगवायू, कुठे मोडलेलं कंबरडं, कुठे नुसतंच म्हातारपण. कोण कुठल्या मजल्यावर, किल्ली कुणाकडे, वजन किती, औषधं कुठली, सगळं ताईच्या यादीत. यादीत चूक सापडली तर तिला जेवण जायचं नाही, असं ऑफिसात गमतीने म्हणायचे. गंमत बरीचशी खरी होती.

यादीतला अकरावा माणूस म्हणजे ताईचे वडील. पहिला मजला, डावीकडचं घर.

वडील जन्मभर बस कंडक्टर होते. नंतर डावी बाजू गेली, पण आवाज गेला नाही. बिछान्यावर पडल्या पडल्या अख्ख्या जिन्यावर त्यांचा अंमल होता. कोण वर गेलं, कोण खाली आलं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, त्यांना पावलांवरून कळायचं. दर तीन महिन्यांनी गल्लीत ड्रिल व्हायचं. भोंगा वाजायचा, गाडी यायची, स्ट्रेचरवाले जिना चढायचे. चार वर्षांपूर्वी पहिल्या ड्रिलला त्यांनी वडिलांना खरोखर उचलून खाली नेलं होतं. जिन्याच्या वळणावर त्यांचं डावं कोपर कठड्याला घासलं, कातडी सोलवटली. वडील म्हणाले, “काही नाही गं, त्या हाताला कुठे कळतंय.” पण खांद्याला कळलं होतं. दोन रात्री त्यांनी बसून काढल्या आणि ताईने त्यांच्या पाठीशी उशा लावत.

पुढच्या ड्रिलच्या आधी ताईने स्ट्रेचरवाल्यांच्या म्होरक्याला गाठलं. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीपैलवान होता. फुंकर मारली तर उडेल असा, पण उचलण्याची हातोटी अशी की दोन माणसांचं काम एकटा ओढी. ताई त्याला म्हणाली, “बाबांना राहू दे रे. दारावरूनच टिक कर. खरी वेळ आली तर उचलूच की आपण.”

यादी तिची, वडील तिचे. पैलवान नाही कशाला म्हणेल? तो हो म्हणाला, आणि झालं सुरू. पैलवान जिना चढता चढता दारावर थाप मारायचा, “काका, टिक करतो हो.” आतून कंडक्टरी आवाज यायचा, “करा, करा.” कागदावर खूण, वायरलेसवर निरोप, “पहिला मजला, डावीकडचं घर, एक पेशंट, हलवला.” आणि पैलवान पुढे तिसऱ्या मजल्यावर. वडिलांना या प्रकाराची इतकी गोडी लागली की ड्रिलच्या दिवशी सकाळपासून विचारायचे, आज टिकवाला येणार ना म्हणून. अशी चौदा ड्रिलं झाली. गल्लीत गोष्टी लपत नाहीत. यांच्या बाबांना सूट तर आमच्या आईला का नाही, असं करत करत आणखी पाच घरांत दारावरूनच टिक होऊ लागली. सगळ्यांचंच भलं. म्हाताऱ्यांना त्रास नाही, स्ट्रेचरवाल्यांचा वेळ वाचतो, आणि साहेबांच्या कागदावर तेवीस माणसं चाळीस मिनिटांत हललेली दिसतात.

मग तो मंगळवार आला. चार वाजून पाच मिनिटांनी भोंगा वाजला, आणि तो ड्रिलचा नव्हता.

वडिलांना सांभाळणारी बाई चारला जायची. ताई साडेपाचला पोचायची. मधला दीड तास ते एकटे असत, आणि तेवढ्यासाठीच तर यादी होती. ताई वायरलेसपाशी बसली होती. केंद्रातून कळलं, गळती लहान आहे, वारा गल्लीकडे आहे, सगळ्यांना हलवा. चार सतराला पैलवानचा आवाज आला, “पहिला मजला, डावीकडचं घर, एक पेशंट, हलवला.” ताईने समोरच्या रजिस्टरात लिहिलं, चार सतरा, हलवला. लिहिताना तिला हायसं वाटलं. कोपराला मलम लावावं लागणार, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला आणि ती पुढच्या घराकडे वळली.

चार चाळीसला टाकीचा वॉल्व्ह तुटला आणि गल्लीत ढग शिरला. पाचला गावाबाहेरच्या मैदानावर तंबूत ताईने माणसं मोजली. बावीस भरली. तिने पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा ती मोजू लागली तेव्हा तिच्या शेजारी उभा असलेला पैलवान मटकन खाली बसला. मास्क लावून माणसं आत गेली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तर असे सदतीस दिवस. आता आपण पुन्हा ऑफिसात येऊ.

दुपारी ताई स्ट्रेचरच्या खोलीत गेली. पैलवान पट्टे धूत होता. त्याला कामावरून थांबवलं होतं, बिल्ला काढून घेतला होता, पण तो रोज येऊन पट्टे धुवायचा. पट्टे धुऊन धुऊन पांढरे पडले होते.

“बस,” ताई म्हणाली.

तो उभाच राहिला.

“तू जबाबात काय लिहिलंस?”

“चूक माझी झाली, असं लिहिलं.”

“आणि दारावरच्या टिकेचं?”

“नाही लिहिलं.”

“का?”

“तुमच्यावर आधीच काय कमी कोसळलंय, ताई.” त्याने हातातला पट्टा पिळला. “तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची कंबर मोडलेली, वजन पंच्याण्णव किलो. माझं सगळं डोकं त्यांच्यात. चढता चढता हात आपोआप दारावर गेला. तोंडाने आपोआप म्हटलं. खूण केली ती मला आठवतही नाही. मावशींना घेऊन उतरलो तेव्हा कागदावर इमारत पुरी झालेली. गेलो पुढच्या इमारतीत. टिकेच्या बाकी पाच घरांत घरची माणसं हजर होती, त्यांनी उचलायला लावलं.”

ताईने मान हलवली. हे तिने कागदावर वाचलं होतं.

“एक लिहिलं नाही मी,” पैलवान म्हणाला. “सांगू का नको कळत नाही.”

“सांग.”

“काका म्हणाले, करा, करा.”

ताईने वाळत घातलेल्या एका पट्ट्याची सुरकुती सरळ केली.

“नेहमीसारखेच म्हणाले. खुशीत. त्यांना वाटलं असणार ड्रिल आहे.”

खरं तर या बोलण्यावर माणसाने भिंतीवर डोकं आपटावं. ताईने विचारलं, हे पट्टे वाळायला किती वेळ लागतो? पैलवान म्हणाला, एक दुपार. ती बरं म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. आत कुठेतरी काहीतरी फार मोठं पडलं होतं, पण त्याचा आवाज तिच्यापर्यंत येत नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. शुक्रवारपर्यंत अहवाल वर जायचा होता. साहेब वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. वाईट माणूस परवडला, त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान तिच्याकडे सरकवलं. सगळं भरलेलं होतं, एक रकाना सोडून: रुग्णास हलवण्यास पुरेसा वेळ उपलब्ध होता काय?

“इथे आपण ‘नव्हता’ लिहू,” साहेब म्हणाले. “चार सतरा ते चार चाळीस, तेवीस मिनिटं. अर्धांगवायूचा माणूस, अरुंद जिना, वळण, त्यात हातात आधीच एक पेशंट. नव्हताच वेळ. असं लिहिलं की पैलवानला बिल्ला परत मिळेल. तुमच्या धाकट्या भावाने त्याच्यावर केलेल्या तक्रारीत दम राहणार नाही. आणि तुम्हालाही…” साहेबांनी घसा साफ केला. “तुम्हालाही बरं पडेल. टिकेचं मला माहीत आहे, ताई. मला सगळं माहीत होतं.”

ताईने पेन उचललं. खरं सांगायचं तर तिलाही ते हवं होतं. सदतीस दिवस ती याच एका फांदीला लटकून होती. वेळच नव्हता म्हटलं की टिक केली काय आणि न केली काय, वडील जाणारच होते. मग तिने कुणाला मारलं नाही, पैलवानने मारलं नाही, वायूने मारलं. किती सोपं. पेन टेकवायचं आणि घरी जायचं.

पण तिला रजिस्टर दिसत होतं. चार सतरा, हलवला. तिच्या अक्षरात. तिच्या अक्षरात एक खोटं आधीच होतं. आणि शुक्रवारी हे दुसरं गेलं की त्या पाच घरांच्या दारावर पुढच्या ड्रिलला पुन्हा टिक होणार, कारण अहवाल म्हणणार की चूक कशातच नव्हती.

“आपल्याला कसं माहीत, नव्हता?” ती म्हणाली.

“काय?”

“वेळ. बाबांना खाली न्यायला किती लागतो ते आपल्याला कुठे माहीत आहे? चार वर्षांत आपण त्यांना उचललंच नाही. पहिल्यांदा उचललं तेव्हा घड्याळ कुणी लावलं होतं?”

साहेबांनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. “आता ते कसं कळणार?”

“त्याच घरातून, त्याच पलंगावरून, तेवढ्याच वजनाचा माणूस, त्याच माणसांनी उचलायचा. आधी मावशींना, मग त्यांना. तेवीसच्या वर गेलं तर तुम्ही म्हणता ते लिहू.”

“आणि खाली आलं तर?”

ताईने पेन टोपण लावून ठेवलं.

तेवढ्याच वजनाचा माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. धाकटा भाऊ वडिलांच्याच घरात मुक्काम ठोकून बसला होता. वडिलांचीच उंची, वडिलांचाच बांधा. तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्यांच्या धंद्यात दोर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तपासणीच्या कागदावर सही केली तर माणसाला त्याच दिवशी घरी बसवतात. त्यामुळे न उचलता ‘हलवला’ लिहिणारा माणूस त्याला समजतच नव्हता. त्याने तक्रार गुदरली होती. पैलवानला कामावरून काढा, पुन्हा कुठल्याच आपत्तीच्या कामावर घेऊ नका, आणि तो ऑफिसच्या दारात पैलवानला एकदा चारचौघांत नको नको ते बोललाही होता. पैलवानने ऐकून घेतलं.

ताईने त्याला सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता.

“झोपतो की,” तो म्हणाला. “वेळ भरपूर होता, हे एकदा कागदावर येऊ दे. मग बघतो तो काय म्हणतो ते.”

“बाबांना पाठीखाली उशी लागायची. तूही घे.”

“ताई, तू जेवलीस का?”

“जेवले असेन.”

त्याने हात पुसले आणि तिला ताट वाढून दिलं. आई गेल्यापासून या घरात ताईच वाढत आली होती, आज तो वाढत होता. आत्ता सांगावं, असं तिच्या मनात आलं. समोर बसलाय, दोघंच आहोत. बाबांना उचलू नका असं मी सांगितलं होतं, एवढं एक वाक्य. पण हे वाक्य उच्चारलं की उरलेला एकुलता एक माणूसही हातचा जाणार, हे तिला कळत होतं. सदतीस दिवसांत तिला कळलेली ही पहिली गोष्ट. तिने घास गिळला. भावाने विचारलं, मीठ बरोबर आहे? ती हो म्हणाली.

गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे जमले. इमारतीत अजून एक विचित्र वास होता, धुतलेल्या फरशीसारखा, आणि दाराच्या पितळी कड्या हिरवट पडल्या होत्या. साहेब हातात घड्याळ घेऊन जिन्याखाली उभे. पैलवानच्या जोडीला नेहमीचा रंगारी होता. घरं रंगवणं हा त्याचा धंदा, आणि भोंगा वाजला की स्ट्रेचरचं दुसरं टोक त्याचं. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला पुन्हा उचला, शंभरदा उचला, त्या दिवशी तुम्ही मला नेलंत आणि त्यांना ठेवलंत हे मला रोज दिसतं. एवढं बोलून त्या रडू लागल्या. त्यांना रडता येत होतं याचा ताईला थोडा हेवा वाटला.

साहेबांनी हात खाली केला. घड्याळ चालू झालं. पैलवान आणि रंगारी पहिल्या मजल्यावरच्या दाराला हात न लावता वर गेले, मावशींना बांधलं, उतरवलं, गाडीत ठेवलं. पैलवानच्या कपाळावरून घाम निथळत होता. साहेबांनी आकडा लिहिला. सहा मिनिटं दहा सेकंद. मग दोघं दुसरं स्ट्रेचर घेऊन पुन्हा वर आले, आणि या वेळी पैलवानने डावीकडच्या दाराला किल्ली लावली.

ताई आत पलंगाशी उभी होती. धाकटा वडिलांच्या जागेवर पाठीखाली उशी घेऊन पडला होता. डावा हात त्याने तसाच लुळा सोडला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण सोडला होता. पैलवान वाकला. त्याचा आणि भावाचा चेहरा वीतभर अंतरावर आला.

“या वेळी विसरून जाऊ नकोस,” भाऊ म्हणाला.

पैलवानने भावाला कुशीवर वळवलं, खाली स्ट्रेचर सरकवलं, परत उताणं केलं. छातीवरचा पट्टा आवळला, मग कमरेवरचा. त्याचे हात कुठे चुकत नव्हते.

“उचलता तर छान येतं,” भाऊ म्हणाला. “मग त्या दिवशी काय हात मोडले होते?”

“त्याला बोलू नकोस,” ताई म्हणाली.

“का? का नाही बोलायचं?”

“टिक मी करायला सांगितली होती.”

पैलवानचा हात गुडघ्यावरच्या पट्ट्यावर थांबला. “ताई,” तो म्हणाला.

“बाबांना उचलू नका, दारावरूनच टिक करा, हे मी सांगितलं होतं. पहिल्या ड्रिलला त्यांचं कोपर सोलवटलं म्हणून. चार वर्षं हे तसंच करत आले, माझ्या सांगण्यावरून. त्या दिवशी त्याच्या हाताने तेच केलं. आणि वायरलेसवर ‘हलवला’ ऐकू आलं तेव्हा समोर मी बसले होते. खरंच हलवला का, एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत. जगात ते विचारू शकणारी मी एकटीच होते.”

तिने हे सगळं यादी वाचावी तशा आवाजात सांगितलं. भावाची छाती पट्ट्याखाली वर-खाली होत होती. तो उठायला गेला आणि उठता येईना, छाती-कमरेला बांधलेला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ताईने नजर चुकवली नाही.

“घड्याळ चालू आहे का?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग बोलत काय बसलीस. उचला रे मला.”

पैलवानने गुडघ्याचा पट्टा ओढला. एक, दोन, तीन म्हणून त्यांनी उचललं. दारातून आडवं न जाता तिरपं काढलं. जिन्यावर पैलवान पुढे, पाठमोरा, एकेक पायरी पायाने चाचपत. वळणावर स्ट्रेचर अडकलं. पैलवान म्हणाला, “डोक्याकडून वर घे, आणखी, हां.” भावाचा सुटा हात कठड्याला लागणार तेवढ्यात ताईने तो धरला आणि त्याच्या पोटावर ठेवला, आणि तसाच धरून ती बाजूने खाली उतरत राहिली. भावाने हात सोडवून घेतला नाही, पण तिचा हात धरलाही नाही.

खाली गाडीचं दार उघडं होतं. स्ट्रेचर रुळांवर चढलं, आत सरकलं, दार लागलं. ताई आतच राहिली होती, पेशंटच्या नातेवाइकाच्या बाकावर. काचेतून साहेब दिसत होते. ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी दार पुन्हा उघडलं.

“किती?” ताईने विचारलं.

“सात मिनिटं पन्नास.”

“मावशींसकट?”

“मावशींसकट चौदा मिनिटं.”

तेवीसातून चौदा गेली तर नऊ उरतात. हे गणित तिथे प्रत्येकाने मनातल्या मनात केलं आणि कुणी उत्तर मोठ्याने म्हटलं नाही. आधी मावशींना नेऊन, परत येऊन, बोलण्यात वेळ घालवून, वळणावर अडकून, तरी नऊ मिनिटं उरत होती. नऊ मिनिटांत गाडी मैदानावर पोचून बाबांनी पाणीसुद्धा मागितलं असतं. रंगारी जिन्याच्या पायरीवर बसला. पैलवान उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता.

“ताई, काय लिहू?” साहेबांनी हळूच विचारलं. त्यांना अजून आशा होती.

“‘होता’ लिहा,” ताई म्हणाली. “पुढे कारण लिहा. माझ्या सांगण्यावरून चार वर्षं सराव झाला नाही, असं. आणि त्या पाच घरांची नावं. सोमवारी त्या पाचही जणांना उचलायचं, खाली गाडीपर्यंत. रडले, ओरडले, तरी उचलायचं.”

“तुमच्यावर कारवाई होईल.”

“लिहा.”

साहेब गेले. गाडीत दोघंच उरली. ताईने छातीवरचा पट्टा सोडवायला घेतला. पट्टा घट्ट होता, पैलवानची गाठ होती. भाऊ गाडीच्या टपाकडे बघत निपचित पडला होता. त्याच्या कानाच्या पाळीपर्यंत एक ओला ओघळ गेला होता.

“पैलवानवरची तक्रार मी उद्या मागे घेतो,” तो म्हणाला. “त्याची माफीही मागतो.”

“बरं.”

पट्टा सुटला. ती कमरेच्या पट्ट्याकडे वळली. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

“आणि माझी?”

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तुझी तक्रार मी आजवर फक्त बाबांकडेच केलीय, ताई,” तो म्हणाला. “आता कुणाकडे करू?”

ताईने मान खाली घातली आणि ती कमरेचा पट्टा सोडवू लागली.